पुणे–सोलापूर–कुडल : जुन्या व्ही-ट्विनबरोबर पाच दिवस

शुक्रवार

सोलापूरहून मामांचा फोन आला, "हुरडा सुरू झालाय, ये." एवढंच. एसटीनं ये की रेल्वेनं, हे ते कधी विचारत नाहीत. मी गाडीनंच जाणार होते. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, चार दिवसांची रजा जमलेली, आणि माझी हार्ले-डेव्हिडसन आयर्न 883 पावसाळ्यापासून लांबच्या रस्त्याला लागली नव्हती.

गाडी 2012 सालची आहे. सप्टेंबर 2020 मध्ये हार्ले-डेव्हिडसननं भारतातलं स्वतःचं उत्पादन आणि विक्री थांबवत असल्याचं जाहीर केलं, महिन्याभरात हिरो मोटोकॉर्पबरोबर करार झाला आणि सर्व्हिस, पार्ट पुढं त्यांच्यामार्फत मिळू लागले. पण त्या मधल्या काळात माझ्या ओळखीतल्या तिघांनी घाबरून आपापल्या गाड्या विकल्या. त्यातली एक तर अजून नीट मुरलीही नव्हती. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. या गाड्या हातानं सांभाळता येतात, त्यांना दरवेळी शोरूमची काचेची भिंत लागत नाही, असं मी सगळ्यांना सांगत राहिले. या पाच दिवसांत ते माझं मला सिद्ध करावं लागलं.

पहाटे साडेपाचला हडपसर सोडलं. यवतपर्यंत हातमोज्यातून बोटं बधिर. चौफुला, पाटस, कुरकुंभ मागं पडलं आणि उजाडायला लागलं. भिगवणला चहा घेतला. उजनीच्या फुगवट्यावर धुकं होतं आणि लांब पाण्याच्या कडेला रोहित पक्ष्यांची फिकट गुलाबी रेघ. दहा मिनिटं नुसती बघत उभी राहिले. गाडी स्टँडवर टिकटिकत थंड होत होती.

ज्यांनी हे इंजिन जवळून ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दोन सिलेंडर, एक पुढं एक मागं, मध्ये 45 अंशांचा कोन, इंग्रजी व्हीसारखा, म्हणून व्ही-ट्विन. दोन्ही पिस्टनचे कनेक्टिंग रॉड क्रँकच्या, म्हणजे फिरत्या दांड्याच्या, एकाच पिनवर बसलेले. एका रॉडचं टोक काट्यासारखं दुभंगलेलं आणि दुसरा त्या फटीत. त्यामुळे ठोके सारख्या अंतरानं पडत नाहीत. एक ठोका पडतो, क्रँक 315 अंश फिरला की दुसरा, मग 405 अंशांनी पुन्हा पहिला. तो जो लंगडत चालल्यासारखा ताल ऐकू येतो तो यातून येतो. आणि याच मांडणीमुळे गाडी हादरते. 2004 पासूनच्या स्पोर्टस्टरना (माझी आयर्न याच घराण्यातली) इंजिनाखाली रबराच्या गाद्या आहेत, तरीही हादरा हा या इंजिनाचा स्वभाव आहे. तो समजून घेतला तर बाकीची देखभाल आपोआप समजते.

इंदापूरपर्यंत सगळं ठीक होतं. टेंभुर्णीच्या अलीकडे एक उसाचा ट्रॅक्टर आडवा आला म्हणून थ्रॉटल सोडला आणि उजव्या गुडघ्यापाशी 'फट्' असा आवाज झाला. सायलेन्सरमधून येतो तसा नाही. एअर फिल्टरच्या डब्यातून, कुणी शिंकावं तसा. पुढच्या दहा किलोमीटरांत आणखी तीनदा. टेंभुर्णीला पेट्रोल भरायला थांबले, कारण टाकी जेमतेम साडेबारा लिटरची आहे, तर स्लोवर, म्हणजे थ्रॉटल न देता उभी असताना, गाडी स्थिर राहीना. कधी वर चढायची, कधी आता बंद पडतेय असं वाटायचं. माझ्या गाडीला आरपीएमचा काटा नाही, कान हाच काटा. पंपावरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, पेट्रोल खराब लागलं असंल मागं." असू शकतं, असं मलाही वाटलं. पण खराब पेट्रोलनं गाडी चढावर, ओढताना दम टाकते. ही ओढताना चांगली होती, सोडताना आणि उभी असताना बिघडत होती.

मोडनिंब, मोहोळ, सावळेश्वर, बाळे. उरलेला रस्ता मी सत्तरच्या वर गेले नाही. जुना पुणे नाक्याला पोचले तेव्हा मागच्या सिलेंडरची धग मांडीला नेहमीपेक्षा जास्त लागत होती. मागच्या सिलेंडरला वारा कमीच मिळतो, पुढचा आडवा असतो, त्यामुळे थोडी धग नेहमीचीच. ही वेगळी होती.

मामींनी दारातच विचारलं, "अगं, तोंड असं का झालंय?" मी म्हटलं, गाडी शिंकतीये. मामा आतून आले, चपला घातल्या आणि सरळ गाडीपाशी गेले. "चालू कर," म्हणाले. मी चालू केली. ते डोळे मिटून उभे राहिले, मिनिटभर. मग म्हणाले, "बंद कर. आज काही करायचं नाही. गरम मशीनला हात लावायचा नाही. जेव आधी."

कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. मी झोपले ती थेट सकाळी उठले.

शनिवार

मामा पंचाहत्तरीला आलेत. उमेदीची वर्षं त्यांनी गिरणीत जॉबर म्हणून काढली. जॉबर म्हणजे माग लावून देणारा, बिघडलेला दुरुस्त करणारा, विणकराच्या हाकेला धावणारा. सोलापुरात पहिली कापड गिरणी 1877 मध्ये सुरू झाली आणि पुढं जवळजवळ शंभर वर्षं हे गाव भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. गिरण्या बंद पडल्यावर मामा पूर्व भागातल्या यंत्रमागांवर टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत दुरुस्तीला जाऊ लागले. त्यांना मोटारसायकलीतलं फार कळतं असं नाही. त्यांना हादरणाऱ्या यंत्रातलं कळतं. माझ्या गाडीला त्याचीच गरज होती, हे मला दुपारपर्यंत कळलं.

सकाळी आधी एका तरुण मेकॅनिककडं गेलो, शहरात मोठ्या गाड्या बघणारा म्हणून कुणीतरी सांगितलं होतं. मुलगा हुशार होता. त्यानं फोनवरून स्कॅनर जोडला, बिघाडाचा एकही कोड निघाला नाही. मग म्हणाला, "ताई, रिमॅप करून घ्या, आणि दोन्ही ऑक्सिजन सेन्सर बदला. पुण्याहून मागवू." रिमॅप म्हणजे किती हवेला किती पेट्रोल द्यायचं याचा गाडीच्या संगणकातला तक्ता, मॅप, नव्यानं भरणं. खर्चाचा आकडा ऐकून मी गप्प बसले. मामांनी त्याला एकच प्रश्न विचारला, "परवापर्यंत मॅप बरोबर होता ना? मग एका रात्रीत तो कसा बिघडला?" मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, "ते सांगता येणार नाही, काका." आम्ही त्याचे आभार मानून निघालो. स्कॅनर वाईट नाही. पण संगणकाला जे मोजायला शिकवलंय तेवढंच तो सांगतो, आणि चिमटीएवढी हवा कुठून आत शिरतेय हे मोजणारा सेन्सर तिथं बसवलेलाच नाही.

मामा मला अशोक चौकापलीकडं त्यांच्या जुन्या दोस्ताकडं घेऊन गेले. सगळे त्यांना उस्तादच म्हणतात. पत्र्याची शेड, दारात निंब, आत दोन लोखंडी बुलेट, एक येझदी, कोपऱ्यात राजदूतचं इंजिन पोत्यावर उघडून ठेवलेलं. माझी गाडी आत शिरली तशी शेजारच्या सायकल दुकानातली चार पोरं गोळा झाली. "काय आवाज हाय बे!" एक म्हणाला. उस्ताद हसले नाहीत. ऐकत होते.

"हवा ओढतीय," ते म्हणाले. मामांनी मान हलवली. दोघांचं आधीच ठरल्यासारखं.

प्लग काढायचे ठरले. गाडी तोवर पूर्ण थंड झालेली. हे महत्त्वाचं आहे: हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग फिरवला तर आटे सोबत यायची भीती. पुढचा प्लग निघाला, टोकाचा रंग फिकट बिस्किटासारखा, जसा असावा तसा. मागचा निघाला तो पांढुरका, खडूसारखा कोरडा. उस्तादांनी दोन्ही प्लग तळहातावर शेजारीशेजारी ठेवून माझ्यापुढं धरले. काही बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती. पेट्रोल एकाच पंपातून, एकाच टाकीतून येतं. ते खराब असतं तर दोन्ही बिघडले असते. मागच्याच सिलेंडरला जास्तीची हवा मिळत होती, म्हणजे मॅनिफोल्ड, हवा-पेट्रोल दोन्ही सिलेंडरांना वाटून देणारी नळी, मागच्या हेडला जिथं जोडला जातो तिथलंच रबरी सील.

तरी उस्ताद म्हणाले, "मानू नका. दाखवतो." त्यांनी ओलं पोतं जवळ ठेवलं, प्लग परत बसवले, गाडी चालू केली आणि इंजिन गरम व्हायच्या आत कार्ब क्लीनरच्या बाटलीची लाल नळी जोडावर नेऊन अगदी थेंबाएवढा फवारा मारला. पुढच्या जोडावर मारला, काही फरक नाही. मागच्या जोडावर मारला आणि स्लो एकदम बदलला, आवाज भरून आला, दोन सेकंदांनी परत भरकटला. फवारा फटीतून आत ओढला गेला होता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. हे घरी करणाऱ्यांनी इंजिन गार असताना, उघड्यावर आणि थेंबभरच करावं. तो फवारा पेट घेतो.

मामांनी तोवर लांब स्क्रूड्रायव्हर घेतला होता. त्याची मूठ कानाच्या हाडाला टेकवायची आणि टोक इंजिनाच्या एकेका भागाला. मागाचं बेअरिंग ते असंच तपासायचे. मलाही ऐकायला लावलं. कॅमच्या बाजूला एकसारखी कुजबुज. प्रायमरीच्या, म्हणजे इंजिनाकडून क्लचकडं जाणाऱ्या साखळीच्या, झाकणावर सळसळ. "हे चांगलं आहे," मामा म्हणाले, "चांगला आवाज आधी पाठ कर. मग वाईट आपोआप कळतो." बारा-तेरा वर्षं मी या गाडीवर बसतीये आणि तिच्या पोटातला चांगला आवाज पहिल्यांदा ऐकला.

पार्ट सोलापुरात मिळणार नाही हे उघड होतं. पुण्यातल्या मित्राला फोन लावला. त्याच्याकडं सीलची जोडी पडून होती. त्यानं ती रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं पाकिटात घालून दिली.

संध्याकाळी मामा आणि मी डिस्को भजी खायला गेलो. परतताना एका गल्लीत नंदीध्वजाचा सराव चाललेला. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत संक्रांतीच्या दिवसांत असे सात नंदीध्वज शहरातून 68 लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. उंचच्या उंच काठी एकजण कमरेच्या पट्ट्यात तोलून धरतो आणि चालतो. सरावातला पोरगा विशीचा असेल. त्याची नजर वर नव्हतीच. काठीचा कल त्याला पट्ट्यात कळत होता, आणि वर शेंडा हलायच्या आधी त्याचा पाय सरकत होता. मामा बराच वेळ बघत राहिले.

रविवार

पहाटे सहाला ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर पाकीट घेतलं. आत दोन काळी सील, एका तळहातात मावणारी. आठला शेडमध्ये.

मॅनिफोल्डपर्यंत पोचायला टाकी काढावी लागते, आणि इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलची नळी दाबाखाली असते. आधी पंपाचा फ्यूज काढला, मग गाडी चालू करून आपोआप बंद पडू दिली, म्हणजे नळीतलं पेट्रोल संपतं. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. इथंच पहिला शोध लागला: टर्मिनलचा बोल्ट मी बोटांनी फिरवू शकले. पानाही लागला नाही. हा काही आजचा बिघाड नव्हता, पण आणखी महिन्याभरात कुठल्यातरी घाटात गाडी एकदम मेली असती आणि मी स्टार्टरला दोष दिला असता.

पुढं पान्यांचं प्रकरण. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण यातच लोकांच्या गाड्यांचे बोल्ट मरतात. उस्तादांच्या भिंतीवर तीन रांगा टांगलेल्या आहेत. पहिली मिलिमीटरची, ती सगळ्यांकडं असते. दुसरी जुन्या बुलेटसाठी ब्रिटिश मापाची, व्हिटवर्थ आणि त्याची भावंडं. त्या पान्यावर इंचात जो आकडा लिहिलेला असतो तो बोल्टच्या दांड्याचा असतो, पान्याच्या तोंडाचा नव्हे, म्हणून नवशिका गोंधळतो. उस्तादांनी कौतुकानं त्यातला एक काढून माझ्या नटाला लावला, बसला नाही. माझी गाडी अमेरिकन, तिचं माप इंचातच, पण नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर मोजलेलं. 9/16 चा नट म्हणजे 14.29 मिलिमीटर. त्याला 14 चा पाना जात नाही आणि 15 चा लावला तर सैल बसतो, कोपरे गोल होतात. 3/4 म्हणजे 19.05, तिथं चांगला 19 चा कसाबसा बसतो, म्हणून लोकांना वाटतं सगळीकडं असंच चालेल. चालत नाही. मी इंचाचा छोटा संच कायम सोबत ठेवते, कापडात गुंडाळून. उस्तादांनी तो उलगडला, एकेक पाना हातात तोलला आणि रुमालानं पुसून परत ठेवला.

एअर फिल्टरचं झाकण, मागची प्लेट, दोन्ही ब्रीदर बोल्ट (पोकळ, इंजिनातली वाफ यांतून बाहेर पडते) निघाले. मॅनिफोल्ड हेडला दाबून धरणाऱ्या दोन पट्ट्या, फ्लँज, प्रत्येकीला दोन बोल्ट. डावीकडचे दोन हाताला लागतात. उजवीकडचे दोन थ्रॉटल बॉडीच्या आड दडलेले. ॲलन की तिरकी लागत होती आणि तिरकी लावलेली की बोल्टचं भोक घासून टाकते. मी जोर लावायला गेले तर मामांनी हात धरला. "थांब. पाना बसत नसंल तर पाना बदल, बोल्ट नको."

उस्ताद शेजारच्या लेथवाल्या काकांकडं गेले. त्यांच्याकडं जकार्डच्या मागांचे सुटे भाग करायचं काम चालतं. काकांनी माझी इंचातली ॲलन की घेतली, तिचा आखूड पाय ग्राइंडरवर अंदाजे निम्मा केला, पाण्यात बुडवून बुडवून, म्हणजे पोलादाचं पाणी उतरत नाही, आणि कड घासून गुळगुळीत करून दिली. पाच मिनिटांचं काम. पैसे विचारले तर म्हणाले, "ताई, यातून परत आवाज नीट आला की एकदा इथनं जावा." आखूड झालेली की सरळ आत बसली. खट्ट करून बोल्ट सुटला. तो आवाज अजून कानात आहे.

मॅनिफोल्ड बाहेर आला. मागचं सील मी हातात घेतलं. वरून बघितलं तर चांगलं. पण एका बाजूची कड चपटी झाली होती, चकचकीत, आणि नखानं दाबलं तर नखाची खूण तशीच राहिली. नवं दाबलं तर खूण भरून आली. बारा-तेरा वर्षं त्या रबरानं दोन तापलेल्या सिलेंडरांच्या मधोमध हादरे सोसले होते. कुठलंही रबर यापेक्षा जास्त काय करणार? मी ते खिशात ठेवलं.

हेडची तोंडं स्वच्छ चिंधीनं पुसली, आधी आत बोळा कोंबून, म्हणजे कचरा सिलेंडरमध्ये जात नाही. नवी सील बसवली. आणि इथं मला आयुष्यभर पुरेल अशी गोष्ट मामांनी शिकवली. मी एक बोल्ट पूर्ण आवळायला घेतला तर म्हणाले, "माग लावताना आम्ही सगळे बोल्ट आधी अर्धे लावायचो. यंत्राला स्वतःची जागा घेऊ द्यायची. मग पूर्ण." चारही बोल्ट नुसते टेकवले. एअर फिल्टरची प्लेट आणि ब्रीदर बोल्ट हातानं लावून मॅनिफोल्ड दोन्ही हेडच्या मधोमध सरळ बसला का ते पाहिलं. मग थोडं इकडं, थोडं तिकडं, आळीपाळीनं आवळत आणलं. घरी येऊन सर्व्हिस मॅन्युअल उघडलं तर नेमकी हीच पद्धत दिली होती.

टाकी बसवण्याआधी अख्खी गाडी वरपासून खालपर्यंत हातानं तपासली. एक्झॉस्टच्या नळ्यांचे नट, मागच्या ब्रेकच्या कॅलिपरचे बोल्ट, इंजिनाच्या गाद्यांचे बोल्ट, नंबरप्लेटसुद्धा. मागचं चाक फिरवणाऱ्या पट्ट्याचा ताण 10 पौंडांचा जोर देऊन पाहिला आणि पुलीच्या दातांत अडकलेला एक खडा काढला. दिसायला खडा, पण पट्टा त्यावरून फिरत राहिला तर भोक पडतं आणि पट्टा बदलणं हे मोठं काम आहे. प्लगची गॅप सुमारे 1 मिलिमीटर ठेवली, प्लग आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवले आणि मगच पाना लावला. ऑइल मात्र थंड गाडीत बघितलं नाही. या इंजिनाचं ऑइल वेगळ्या टाकीत असतं, उभ्या गाडीत ते हळूहळू खाली केसमध्ये उतरू शकतं, मग पातळी कमी दिसते आणि माणूस उगाच जास्त भरतो. आणि गिअर-क्लचचं ऑइल वेगळंच, खाली प्रायमरीत. दोन्हींची सरमिसळ करणारे मी पाहिलेत.

दुपारी अडीचला बॅटरी जोडली, फ्यूज बसवला, चावी फिरवली. पंपानं दाब भरल्याचा बारीक घूं असा आवाज. बटण.

लंगडा, जड, पण एकसारखा ठोका. उस्तादांनी खिशातलं एक रुपयाचं नाणं काढून टाकीवर आडवं ठेवलं. ते थरथरलं, फिरलं, आणि तिथंच राहिलं. मल्टिमीटरवर बॅटरी थोडी रेस देऊन 14.4 व्होल्ट. मागच्या जोडावर थेंबभर फवारा मारला, काही बदललं नाही. मी लेथवाल्या काकांच्या दारात गाडी नेऊन उभी केली. त्यांनी मशीन बंद केलं, हात पुसत बाहेर आले आणि मान डोलावली.

रात्री शेतावर हुरडा झाला. अंगावर धूर, ओठांवर लसणाची चटणी. मी बसल्या जागी पेंगले.

सोमवार

गाडी दुरुस्त झाली असं शेडमध्ये म्हणता येत नाही, ते रस्त्यावर ठरतं. मामांनी कुडलला जाऊ म्हटलं. मागं बसून. पंचाहत्तरीचा माणूस, धोतर आवरून, हेल्मेट घालून. मामी फाटकात हसू दाबत उभ्या.

विजापूर रोडनं निघालो, पुढं मंद्रूपच्या अंगानं आत. दोन्ही बाजूंना काळी रानं, ज्वारी कमरेच्या वर. चाळीस-एक किलोमीटरांवर हत्तरसंग कुडल, भीमा आणि सीना मिळतात ते ठिकाण. वाटेत मी मुद्दाम दहा-बारा वेळा थ्रॉटल झटकन सोडला. शिंक नाही. मागून मामा दरवेळी खांद्यावर दोनदा थोपटायचे, म्हणजे ऐकलं.

संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके 940 मधला, म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख आहे, आज ठाऊक असलेल्या सगळ्यात जुन्या मराठी लेखांपैकी. शेवटी अक्षरं आहेत: वाछि तो विजेया होईवा. जो वाचेल तो विजयी होईल. मी मान वर करून शोधत होते, सापडेना. मामांनी बोट दाखवलं. तिथं उभं राहून ती ओळ मी मोठ्यानं वाचली, अक्षर अक्षर लावत. शेजारच्या देवळात अनेक मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. प्रत्येक चेहरा निराळा, असं मामा म्हणाले, आणि आम्ही बसून काही मोजलेही, मग गर्दी झाली म्हणून उठलो.

घाटावर मामींनी दिलेली शिदोरी सोडली. मामा गाडीकडं बघत म्हणाले, "मागाला आम्ही रोज शिफ्ट सुरू व्हायच्या आधी हात फिरवायचो. नुसता हात. सैल काय, गरम काय, ते हाताला कळायचं. तू किती दिवसांनी फिरवतेस?" मी खरं सांगितलं: सर्व्हिसच्या वेळी. ते काही बोलले नाहीत. भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.

परत आल्यावर गरम गाडीतच ऑइलची पातळी पाहिली. बरोबर खुणेवर.

मंगळवार

सहाला निघाले. मामा फाटकापर्यंत आले. खांद्यावर नवी सोलापुरी चादर टाकून दिली, ती मागच्या सीटला बांधली. टेंभुर्णीला तोच पंप, तोच मुलगा. "पेट्रोलच होतं ना, मॅडम?" मी त्याला खिशातलं सील दाखवलं, नखानं दाबून. त्यानंही दाबून पाहिलं.

साडेअकराला घरी.

रात्री नऊला मामांचा फोन. पोचलीस का, हे विचारायच्या आधी विचारलं, "बोल्ट बघितलेस?" नवं सील गरम होऊन दबतं, बोल्ट पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरांनंतर एकदा बघायचेच, असं त्यांनी निघताना सांगितलं होतं. मी टॉर्च आणि ती आखूड केलेली ॲलन की घेऊन पार्किंगमध्ये उतरले. इंजिन गार झालं होतं. डावीकडचे दोन हाताला लागले. पुढचा घट्ट होता. मागचा पाव फेरा फिरला.

वर येऊन मामांना सांगितलं. "हां," ते म्हणाले, "आता झोप."